जहाजावरचा पहिला दिवस

हातावरची मेंदी अजून पुसट झालेली नाही, चुडा तसाच आहे आणि डोळ्यांत दोन-तीन रात्रींचं जागरण आहे, अशा मुली मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर दर फेरीला दिसतात. लग्नाचा हंगाम आणि अरबी समुद्र शांत असण्याचा हंगाम साधारण एकच, तुळशीच्या लग्नानंतर सुरू होऊन मेअखेर संपणारा. गोवा, कोची, लक्षद्वीप अशा दोन ते पाच रात्रींच्या सफरी असतात. व्हिसा लागत नाही, विमान बदलायचं नाही, एकदा बॅग उघडली की घरी जाईपर्यंत बांधायची नाही. नव्या जोडप्यांना हे सोयीचं वाटतं आणि ते आहेही.

मी देवगडची. हॉटेल मॅनेजमेंट करून जहाजावर नोकरीला लागले. आधी भूमध्य समुद्रातल्या जहाजांवर होते, नंतर मुंबईच्या. काम दोन्हीकडे पर्सरच्या ऑफिसमधलं, म्हणजे प्रवाशांना दिसणारं रिसेप्शन. केबिनची कार्डं, बिलं, हरवलेल्या वस्तू, तक्रारी या टेबलावर येतात आणि जहाजावर नेमकी किती माणसं आहेत याची यादीही इथेच असते. आता मी किनाऱ्यावर आहे, पण ओळखीपाळखीत कुणी हनीमूनला क्रूझ ठरवली की फोन मला येतो. बहुतेकांना गोव्यात काय बघायचं ते विचारायचं असतं. मी मात्र पहिल्या दिवसाबद्दल बोलते, कारण त्या एका दिवशी जहाज प्रवाशाकडून काही मागतं. पुढचे सगळे दिवस देतच असतं.

मुंबईत मोठी क्रूझ जहाजं बॅलार्ड पिअरला लागतात. इंदिरा गोदी खणताना निघालेली माती आणि दगड समुद्रात भरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. गेटवे ऑफ इंडिया बांधणाऱ्या जॉर्ज विटेट यांचंच इथलंही आरेखन. एके काळी विलायतेची डाक घेऊन येणाऱ्या बोटी इथे लागत आणि धक्क्यावरच्या स्टेशनातून फ्रंटियर मेल सुटे. त्याच भागात आता नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल आहे, सप्टेंबर 2025 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. सीएसएमटीला उतरलं की टॅक्सीनं पाच-दहा मिनिटं. सामान कमी असेल तर चालतही जाता येतं.

प्रवाशांना वाटतं, जहाज आपली वाट बघत उभं आहे. प्रत्यक्षात त्या दिवशी जहाजावर जेवढी धावपळ असते तेवढी इतर कुठल्याच दिवशी नसते. पहाटे जहाज धक्क्याला लागतं, आधीच्या फेरीची माणसं नाश्ता करून उतरू लागतात, आणि शेवटचा माणूस उतरतो न उतरतो तोच नवी माणसं टर्मिनलमध्ये येऊन बसलेली असतात. मधल्या काही तासांत शेकडो केबिनच्या चादरी बदलायच्या, भाजी-दूध-मासळीचे ट्रक रिकामे करायचे, कचरा उतरवायचा, पाणी भरायचं. इंधन भरणं चालू असेल तर जहाजावर लाल निशाण चढतं आणि त्या भागात कुणाला काडी ओढू देत नाहीत. आम्ही याला टर्नअराउंड म्हणतो. त्या दिवशी खलाशी, स्वयंपाकी, केबिन सांभाळणारी मुलं, कुणीही धड जेवत नाही. म्हणून दुपारी दीडला जहाजावर पाय ठेवलेल्या जोडप्याला ‘केबिन तीनला मिळेल’ असं सांगितलं, तर कृपा करून रागावू नका. वर बुफे सुरू झालेला असतो, जेवून घ्या.

पण जहाजापर्यंत पोचण्याआधी टर्मिनलचं काउंटर आहे आणि हनीमूनच्या प्रवाशांचं घोडं सगळ्यात जास्त वेळा तिथेच अडतं. अडतं ते नावावर.

आपल्याकडे लग्न झालं की मुलीचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं आणि काही घरांत तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून पहिलं नावही बदलतं. साखरपुडा झाल्याबरोबर उत्साहात तिकीट काढलं जातं ते नव्या नावानं. आधार कार्डावर मात्र माहेरचंच नाव असतं, ते बदलायला लग्नानंतर महिनेही जातात. काउंटरवरच्या माणसाला तिकिटावर एक बाई दिसते आणि ओळखपत्रावर दुसरी.

सांगलीकडचं एक जोडपं मला आठवतं. तिकीट सासरच्यांनी ओळखीच्या एजंटाकडून काढलेलं. मुलीची तिन्ही नावं नवी. आधारवरची तिन्ही जुनी. तिनं पर्समधून लग्नपत्रिका काढून माझ्यापुढे धरली. पत्रिकेवरही अर्थात माहेरचंच नाव होतं, त्यानं काही सिद्ध होत नव्हतं. नवरा चढ्या आवाजात बोलायला लागला आणि ती गप्प उभी राहिली. मी तिला बाजूला खुर्ची दिली. फोनवर बुकिंगच्या ऑफिसला गाठलं, आधारप्रमाणे नाव दुरुस्त करून घेतलं, यादी परत छापली. यादी बंद व्हायला वेळ होता म्हणून जमलं. एकदा यादी बंदराच्या अधिकाऱ्यांकडे गेली की मग आमच्या हातात फारसं काही उरत नाही. ती जाताना म्हणाली, “ताई, माझं जुनंच नाव लिहिलंत ना? बरं झालं.”

तेव्हा तिकीट ओळखपत्रावर जसं नाव आहे तसंच, अक्षर न अक्षर तसंच काढा. सासरी नवं नाव कितीही लाडाचं असो, समुद्रावरची यादी सरकारी कागद ओळखते. देशातल्या सफरीला सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं, मूळ प्रत हवी. परदेशी बंदर लागणार असेल तर पासपोर्ट हवाच. लक्षद्वीपच्या बेटांवर उतरायला परवाना लागतो. तो कोण काढणार, कंपनी की तुम्ही, हे तिकीट काढतानाच विचारून ठेवा.

टर्मिनलच्या दारात आणखी एक गोष्ट होते. पोचवायला दोन्हीकडची मंडळी येतात. मुलाचे आईवडील, मुलीचे आईवडील, करवली, एखादा मामा. त्यांना वाटतं, एसटी स्टँडसारखं आत येता येईल, केबिन बघता येईल. बंदर हा सुरक्षित भाग आहे, तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत. दारातच निरोप घ्यावा लागतो. लग्नात पाठवणीला रडली नसेल अशी मुलगी मी इथे रडताना पाहिली आहे. घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मोठ्या बॅगा दारातच घेतात. त्यांना केबिन नंबरची चिठ्ठी लावून, एक्स-रेतून काढून त्या जहाजावर चढवतात आणि केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून औषधं, कागदपत्रं, चार्जर, एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. दागिने तर कधीच मोठ्या बॅगेत टाकू नका. केबिनमध्ये लहान तिजोरी असते, त्यात ठेवा.

एक्स-रेमध्ये दारूच्या बाटल्या अडतात हे लोकांना ठाऊक असतं. इस्त्री, किटली, हीटरची कॉइल आणि मेणबत्त्या अडतात तेव्हा आश्चर्य वाटतं. नवऱ्या मुलानं केबिन सजवायला सुवासिक मेणबत्त्या आणलेल्या असतात. एखाद्या मुलीला आईनं निरांजन आणि वाती दिलेल्या असतात, पहिल्या दिवशी दिवा लाव म्हणून. दोन्ही आम्ही काढून घेतो आणि परत जाताना देतो. वाईट वाटतं, पण समुद्रावर माणसाला पाण्यापेक्षा आगीची भीती जास्त. शहरात आग लागली की माणसं रस्त्यावर पळतात, बंब येतो. जहाजावर रस्ता नाही आणि बंबवालेही आम्हीच असतो. जेवण वाढणारा मुलगा आणि गाद्या घालणारी मुलगी यांनी आग विझवण्याचं प्रशिक्षण घेतलेलं असतं. उघड्या ज्योतीला जहाजावर जागा नाही ती यामुळे.

मग गँगवे. मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटीत चार मीटरहूनही जास्त फरक पडू शकतो, त्यामुळे दुपारी सपाट वाटणारा तो पूल संध्याकाळी चढणीचा झालेला असतो. टाचांच्या चपला नकोत. दारात फोटो काढतात, कार्ड यंत्राला लावलं की बारीक आवाज होतो आणि त्या क्षणी तुम्ही जहाजाच्या मोजणीत येता. तेच कार्ड केबिनची किल्ली आणि तेच पैसे. जहाजावर रोख चालत नाही, सगळा खर्च कार्डावर चढतो आणि शेवटी बिल येतं. दोघांची कार्डं एका खात्यावर आहेत की वेगळी, हे पहिल्याच दिवशी रिसेप्शनला विचारा.

केबिन बघून काहींचा चेहरा उतरतो. जाहिरातीत बाल्कनी असते, प्रत्यक्षात स्वस्तातली आतली केबिन घेतलेली असते. आपल्याकडे चालणारं ‘एम्प्रेस’ हे जहाज 1990 मध्ये फ्रान्समध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावानं बांधलं गेलं. त्या काळच्या जहाजांत बाल्कन्या थोड्या आणि खोल्या आटोपशीर. आतल्या केबिनला खिडकी नसते. तिथे दिवा घालवला की दुपारी बारालाही मिट्ट काळोख. लग्नाच्या धावपळीनंतर झोप काढायला ती खोली उत्तम, असं माझं प्रामाणिक मत आहे. समुद्र बघायला डेक आहेच. पलंग दोन वेगळे दिसले तर लाजू नका, केबिनच्या मुलाला सांगा. दहा मिनिटांत जोडून देतो, त्याचं ते रोजचं काम आहे.

बोट लागण्याची भीती असेल तर केबिन निवडतानाच जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची घ्या. सी-सॉच्या टोकाला बसलेलं मूल वरखाली होतं आणि मधोमध बसलेलं जवळपास जागेवरच राहतं, तसंच जहाजाचं. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरला विचारून आणि त्रास सुरू होण्याआधी घ्या, नंतर तिचा उपयोग कमी होतो. आलेपाकाची पुडी जवळ ठेवा. मळमळलं तर केबिनमध्ये पडून राहण्यापेक्षा डेकवर येऊन क्षितिजाकडे बघत उभं राहा.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते.

जहाज सुटण्याआधी सुरक्षेची कवायत होते. सात आखूड भोंगे आणि मग एक लांब. तो ऐकला की कार्डावर ज्या ठिकाणाचं अक्षर छापलेलं आहे तिथे जमायचं, लिफ्ट न वापरता. तिथे लाइफ जॅकेट कसं चढवायचं ते दाखवतात आणि प्रत्येकाची हजेरी घेतात. कोविडनंतर बऱ्याच जहाजांवर ही पद्धत बदलली. माहिती टीव्हीवर किंवा फोनवर बघायची आणि मग आपल्या जागी स्वतः जाऊन कार्ड लावून यायचं. पद्धत कुठलीही असो, टाळता येत नाही.

नवी जोडपी नेमकी इथे हरवलेली असतात. कुणी झोपलेलं असतं, कुणी डेकवर फोटो काढत असतं. बोलवायला गेलं की म्हणतात, “आम्ही बघितलंय हो यूट्यूबवर.”

मी भूमध्य समुद्रात काम करायचे तेव्हा चिविताव्हेकिया या रोमजवळच्या बंदरात प्रवासी चढायचे. 13 जानेवारी 2012 च्या संध्याकाळी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज त्याच बंदरातून निघालं आणि काही तासांत जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटून कलंडलं. बत्तीस माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. तेव्हाच्या नियमानं ती प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांत घेतली तरी चालत होतं, दुसऱ्या दिवशी ठरलेली होती. अंधारात, तिरक्या झालेल्या जिन्यांवर त्या लोकांना कुठे जायचं हेच ठाऊक नव्हतं. गेलेल्यांत मुंबईचा एक वेटर होता. बत्तीस जणांत सगळ्यात शेवटी त्याचे अवशेष सापडले, 2014 मध्ये, जहाज मोडीत काढताना. आम्हा भारतीय खलाशांमध्ये त्याचं नाव आजही आदरानं घेतात.

त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. 1 जानेवारी 2015 पासून कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावीच लागते. तुमच्या पहिल्या दुपारचा तो अर्धा तास असा आलेला आहे.

आणि एवढं लांब इटलीला कशाला जायला हवं? याच मुंबईच्या बंदरात 17 जुलै 1947 ला, गटारी अमावस्येच्या सकाळी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट पावसाळी समुद्रात उलटली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. सणाला घरी चाललेले रायगडचे लोक होते ते, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून कित्येकांना वाचवलं. माझी आजी देवगडहून आगबोटीनं मुंबईला यायची. पडावातून खोल पाण्यात जाऊन वर चढायचं, लाटेवर पडाव उचलला की पाऊल टाकायचं. तिच्या पिढीला ‘रामदास’ची गोष्ट पाठ होती. त्या वेळच्या प्रवाशाला बोट बुडाली तर काय करायचं हे कुणी सांगत नव्हतं. आज सांगणारा माणूस समोर उभा असतो.

म्हणून माझं सांगणं असं, की कवायत झाल्यावर केबिनमध्ये परत या आणि तिथून आपल्या जमायच्या जागेपर्यंत दोघांनी मिळून एकदा चालत जा. किती जिने, कुठे वळायचं, दार कुठल्या बाजूला उघडतं. केबिनच्या दारामागे नकाशा असतो, तो वाचा. पाच मिनिटं लागतात. आणि ठरवून ठेवा की अशी वेळ आली आणि एक जण थिएटरमध्ये, एक जण केबिनमध्ये असेल, तर एकमेकांना शोधत फिरायचं नाही, दोघांनी थेट आपापल्या वाटेनं त्या जागी जायचं. हे बोलणं नव्या नवरा-बायकोला जड जातं, पण ते धक्क्याला असतानाच व्हावं.

मोजणी जुळली, बंदराचा पायलट जहाजाच्या ब्रिजवर आला, की गँगवे उचलतात. टगबोटी दोर घेतात. जहाज इतकं हळू सुटतं की धक्का दूर जातोय असं वाटतं. त्या वेळी उजव्या बाजूच्या डेकवर या. नौदलाची गोदी मागे पडते, मग गेटवे आणि ताज, एरवी समुद्राच्या बाजूनं न दिसणारे. पुढे ससून डॉक, कुलाबा आणि टोकाशी 1875 सालचं प्राँग्ज दीपगृह. डाव्या अंगाला घारापुरी, न्हावा-शेव्याच्या क्रेन, रेवस, मांडवा. बाहेर पडताना खांदेरी आणि उंदेरी दिसतात. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये खांदेरीवर बांधकाम सुरू केलं तेव्हा इंग्रजांनी आरमार घालून ते थांबवायचा प्रयत्न केला, पण किल्ला उभा राहिलाच. 2025 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. अंधार पडायच्या आत हे सगळं बघून घ्या.

किनारा मागे पडला की थोड्या वेळात फोनची रेंज जाते. त्याआधी घरी फोन करून सांगा, नाहीतर रात्रभर दोन घरं जागी राहतात.

शेवटी एक विनंती आहे. सकाळी सत्यनारायण आटोपून, संध्याकाळी जागरण-गोंधळ करून, दुसऱ्या दिवशी दुपारी जहाज, अशी तिकिटं काढू नका. कोल्हापूर, नगर किंवा जळगावहून रात्रीच्या गाडीनं येऊन थेट धक्क्यावर उभं राहणारी जोडपी मी पाहिली आहेत. गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, आणि वेळेवर पोचली तरी त्या दिवशी जे ऐकायचं असतं ते झोपेत निघून जातं. लग्नाची पूजा आणि जहाज यांच्यामध्ये एक रात्र मुंबईत, एखाद्या नातेवाइकाकडे का होईना, नीट झोप काढा. मग चेक-इन सुरू होताच टर्मिनलवर या.